बेत माशाच्या श्वासावरून

चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँडमधल्या केंब्रिज गावाच्या दक्षिणेला ब्लॅकवॉटर नावाचे मोठे खाजण आहे. १९३३ पासून ते स्थलांतरित पक्ष्यांसाठी राखलेले आहे. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांना गाडीने साधारण दोन तासांत तिथे पोहोचता येते. कयाक घेऊन तिथे गळ टाकायला जाणाऱ्यांच्या मनात आज बहुधा एकच मासा असतो, नॉर्दर्न स्नेकहेड. हा आपल्या मरळीच्या कुळातला, मूळचा चीन, कोरिया आणि रशियाच्या आमूर खोऱ्यातला. सहलीचा बेत ठरू लागला की बोलणे लगेच दांडी, दोरी आणि रबरी बेडकांवर जाते. या गोष्टी लागतातच, पण बेत तिथून सुरू करू नये. हा मासा हवेत श्वास घेतो, आणि कुठे जायचे, कधी जायचे, कशातून जायचे, मासा लागल्यावर काय करायचे, या सगळ्याची उत्तरे त्या एका गोष्टीतून निघतात. तेवढे नीट समजून घेतले तर निम्मी तयारी झाली, असे मी म्हणेन.

स्नेकहेडला कल्ले आहेतच. शिवाय कल्ल्यांच्या वर डोक्यात पोकळ्या आहेत आणि त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की तो वर येतो, तोंडभर हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. जुलै-ऑगस्टच्या दुपारी उथळ, तापलेल्या, पाणवेलींनी भरलेल्या पाण्यात इतर बरेच मासे गुदमरतात आणि खोल पाण्याकडे सरकतात. स्नेकहेड तिथेच राहतो आणि शिकार करतो. त्यामुळे त्याला शोधायचे ते गवताच्या कडेला, बंद पडलेल्या चरांत, ढोपरभर पाण्यात. मोटारबोट अशा ठिकाणी पोहोचत नाही. तिचा पंखा गवतात अडकतो आणि आवाजाने मासाही सावध होतो. कयाक वीतभर पाण्यावर तरंगते आणि वल्हे हळू मारले तर गवताची कडही हलत नाही. हवा घेताना पाण्यावर उठणारे बुडबुडे आणि वर्तुळे हा गळ टाकणाऱ्याला मिळणारा सर्वांत खात्रीचा सुगावा. हा शिकारी वरच्या थरात नेहमी ये-जा करतो, म्हणून पृष्ठभागावरून खेचायचे पोकळ रबरी बेडूक इथे चालतात. त्यांचे आकडे पाठीशी दडलेले असल्याने ते गवतात अडकत नाहीत. दोरी मात्र जाड विणीची हवी, कारण लागलेला मासा तडक वेलींत घुसतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण बेत फसतो तो बहुतेक इथेच. चेसापीकच्या या भागात भरती-ओहोटीतला फरक फूट-दोन फुटांचाच असतो. मुंबईत उधाणाची भरती पंधरा फुटांच्या वर चढलेली पाहणाऱ्याला हे आकडे क्षुल्लक वाटतील, आणि एवढ्याशा फरकासाठी वेळापत्रक कशाला पाहायचे, असा प्रश्न तो विचारेल. पण जिथे पाणीच दीड फूट आहे तिथे एक फूट उतरणे म्हणजे वाट संपणे. भरतीला मासे उभ्या गवतात पसरतात आणि हाती लागत नाहीत. ओहोटी लागली की चरांतले पाणी ओसरते, लहान मासे बाहेर खेचले जातात आणि स्नेकहेड चराच्या तोंडाशी दबा धरतो. म्हणजे मासेमारीला उत्तम वेळ तीच, जेव्हा परतीची वाट आटत असते. कयाक कुठेही तरंगते, हा इथला दुसरा आक्षेप. तरंगते हे खरे, पण पाणी संपल्यावर ती ओढत न्यावी लागते, आणि इथला तळ कुजलेल्या वनस्पतींचा मऊ गाळ आहे. उतरलेला माणूस त्यात मांडीपर्यंत रुतू शकतो. यावर मार्ग असा: शॉर्टर्स व्हार्फच्या धक्क्यावरून भरतीच्या उत्तरार्धात निघावे, चढत्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला आत जावे, आणि पाणी फिरले की सर्वांत दूरच्या चरापासून धक्क्याकडे येत येत गळ टाकावा. ओहोटीचा ओघ मग पाठीशी राहतो, आणि उथळ जागा सर्वांत आधी मागे पडतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून मागच्या रविवारची सोयीची वेळ या रविवारी तशीच मिळत नाही.

वेळापत्रकातही एक उणीव आहे. त्यातले आकडे चंद्र-सूर्याच्या ओढीवरून काढलेले असतात. वारा त्यांत धरलेला नसतो. चेसापीकमध्ये दक्षिणेकडचा वारा उपसागरात पाणी लोटतो आणि जोराचा वायव्येचा वारा ते बाहेर काढतो. जिथे भरतीच जेमतेम फूटभर, तिथे दिवसभराचा वारा तिला पुसून टाकू शकतो. शिवाय खाजणाच्या आतली भरती तोंडाशी असलेल्या भरतीच्या बरीच मागून येते. म्हणून आदल्या दिवशीचा आणि त्या दिवशीचा वारा पाहिल्याशिवाय वेळापत्रकावर विसंबू नये. जुन्या नकाशांवरही नाही. १९३० च्या दशकापासून ब्लॅकवॉटरने ५,००० एकरांहून अधिक दलदल गमावली आहे. समुद्राची वाढती पातळी, खचणारी जमीन आणि गवताची मुळे कुरतडणारे न्यूट्रिया हे उंदरांच्या जातीचे प्राणी यांनी मिळून ती गिळली. नकाशात जिथे गवत आणि नदीचा काठ दिसतो, तिथे आज वाऱ्याला मोकळे सापडणारे उथळ पाणी असू शकते, आणि कयाकला खरा त्रास लाटांचा तिथेच होतो.

माशाच्या श्वासाचा शेवटचा परिणाम कायद्यात दिसतो. ओलावा असेल तर हा मासा पाण्याबाहेर काही दिवस जगतो. जमिनीवर चालत जाणारा राक्षस ही वृत्तपत्रांनी रंगवलेली प्रतिमा सोडून द्यावी. तो फार तर थोडे वळवळत सरकतो. पण जिवंत राहतो, म्हणून जिवंत विकला जातो, आणि म्हणून दूरवर पोहोचतो. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात तो सापडला, तेव्हा न्यूयॉर्कच्या बाजारातून जिवंत आणलेले दोन मासे कोणीतरी तिथे सोडल्याचे उघड झाले. विष घालून तळे साफ केले तेव्हा हजाराहून अधिक पिल्ले मेलेली आढळली. त्याच वर्षी अमेरिकेने या कुळातल्या जिवंत माशांची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली. तरीही २००४ मध्ये तो पोटोमॅक नदीत दिसला. जनुकीय तपासणीत हे मासे क्रॉफ्टनच्या माशांचे वंशज नसल्याचे आढळले, म्हणजे कोणीतरी वेगळ्याने ते सोडले होते. वाहत्या, भरतीच्या पाण्यात विष घालण्याचा उपाय चालत नाही. मेरीलँडमध्ये आता या माशाला हंगाम नाही, आकाराची अट नाही, संख्येची मर्यादा नाही. जिवंत स्नेकहेड जवळ बाळगणे मात्र गुन्हा आहे. पकडलेला मासा दोरीला बांधून पाण्यात जिवंत ठेवायची कोकणातली किंवा नदीकाठची सवय इथे सोडावी लागते. अरुंद कयाकवर आपटणारा, दातेरी जबड्याचा मासा आवरायला जबडा पकडणारा चिमटा, डोक्यावर घालायला आखूड दांडका, कल्ले कापायला सुरी आणि भरपूर बर्फाची पेटी, हे सामान आमिषांच्या आधी यादीत यावे.

इथे मनाला टोचणारा एक आक्षेप येतो. उन्हाळ्यात स्नेकहेडची जोडी पिल्लांच्या थव्याची राखण करते आणि जवळ आलेल्या कशावरही धावून जाते. त्या वेळी ती सहज गळाला लागते. प्रजोत्पादनाच्या काळात माशाला सोडून द्यावे, हे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवणाऱ्या आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. तेलंगणाने तर मरळीच्या कुळातल्याच माशाला राज्यमासा केले आहे. मग हजारो मैलांवर तिच्याच भाऊबंदाला पिल्लांसमोरून उचलायचे? माझे उत्तर होय असे आहे, आणि कारण त्या जागेत आहे. ब्लॅकवॉटरमध्ये स्नेकहेड स्थिरावण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी संशोधकांनी पडताळल्या, तेव्हा दोन्ही वेळी आढळलेल्या २१ जातींपैकी १७ जातींचे प्रमाण ३० ते ९७ टक्क्यांनी घटलेले दिसले. सगळा दोष एकट्या स्नेकहेडवर टाकता येत नाही, हेही त्यांनीच सांगितले. खाजण बदलते आहे आणि पाण्याचा खारटपणाही. पण ज्या खाजणावर आधीच इतके ओझे आहे, तिथे राखण करणारी जोडी काढली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात, आणि हा लहान फायदा नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. गळाने ही जात संपणार नाही, हे मान्यच आहे. संख्या दाबून ठेवणे एवढेच उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठीच मेरीलँडने २०२४ मध्ये कायदा करून या माशाला ‘चेसापीक चन्ना’ हे बाजारात चालेल असे नाव दिले. मांस पांढरे, घट्ट आणि सौम्य चवीचे असते. मरळीचे कालवण करणाऱ्या घरात त्याची कृती वेगळी सांगावी लागणार नाही. लोकांना तो इतका आवडला की ते तो नव्या पाण्यात सोडतील, ही भीती मात्र खरी आहे. तिच्यावरचा उपाय तोच, म्हणजे धक्क्यावर परतताना पेटीत एकही मासा जिवंत नसणे.

उरते ती तारीख. राखीव क्षेत्रात होडी-कयाकला १ एप्रिल ते ३० सप्टेंबर एवढीच मुभा आहे. उरलेले महिने पाणी पक्ष्यांचे. एप्रिलमध्ये वनस्पती कमी, मासा भुकेला, पण पाणी इतके थंड की उलटलेल्या माणसाचे हातपाय लवकर बधिर होतात. जून-जुलैत पृष्ठभागावरची शिकार उत्तम, पण सावली कुठेच नाही आणि चावणाऱ्या माश्या असह्य. मे महिन्याचा मध्य मला सर्वांत योग्य वाटतो. परवाना, अंगात घातलेले लाइफ जॅकेट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवणे यांत सूट नाही. आणि त्या सकाळी वायव्येचा जोराचा वारा सुटला असेल तर कयाक गाडीवरून उतरवूच नये. की वॉलेस रस्त्यावर लिटल ब्लॅकवॉटर नदीच्या पुलावरून गळ टाकायला परवानगी आहे, आणि उतरणाऱ्या पाण्यात स्नेकहेड त्या पुलाखालच्या ओघातही येतो.