कुत्र्याचे मूत्रविकार

पाळलेला कुत्रा अंगणात पुनःपुन्हा पाय उचलून उभा राहतो, कुंथतो, कण्हतो. परंतु जमिनीवर थेंबही पडत नाही. त्याला बद्धकोष्ठ झाले असावे, अशी घरच्या माणसांची समजूत होते आणि एरंडेल पाजून सकाळची वाट पाहिली जाते. या समजुतीपायी कित्येक कुत्री दगावतात. वास्तविक अडलेले असते ते मूत्र. आणि मूत्र पूर्णपणे अडल्यास उपचारांवाचून दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.

मूत्रपिंडे रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळून मूत्र तयार करतात. ते मूत्राशयात साठते व मूत्रमार्गाने बाहेर पडते. निरोगी कुत्रा दिवसाकाठी दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे २० ते ४० मिलिलिटर मूत्र विसर्जित करतो. म्हणजेच १० किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्याचे मूत्र २०० ते ४०० मिलिलिटर भरते.

नराच्या शिश्नात एक लहानसे हाड असते व त्याच्या खोबणीतून मूत्रमार्ग जातो. हाडामुळे तेथे मार्गास फुगता येत नाही. म्हणून मूत्राशयातून निसटलेला खडा बहुधा या हाडाच्या मागेच अडकतो. मूत्र तुंबले की युरिया व पोटॅशियम रक्तात साचू लागतात. ओकाऱ्या होतात, ग्लानी येते, आणि वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाची गती बिघडते.

मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने तो सहसा अडत नाही. मात्र त्यातून जंतूंचा शिरकाव सुलभ होतो. मूत्राशयाचा दाह झाला म्हणजे ती घडोघडी थोडेथोडे मूत्र टाकते, त्यात कधी रक्त दिसते आणि शिस्त लागलेली कुत्रीही घरात घाण करते. हा खोडसाळपणा नव्हे, आजार होय. तिला मारू नये. काही जंतू युरियाचे विघटन करून मूत्र अल्कधर्मी बनवतात, आणि त्यातूनच मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे खडे बनतात. उलटपक्षी डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत जन्मजात दोषामुळे मूत्रात यूरिक आम्ल अधिक उतरते व त्याचे खडे होतात. या दोषास कारणीभूत असलेले जनुक २००८ मध्ये उघडकीस आले.

मूत्र कमी होणे जसे घातक, तसे ते फार वाढणेही उपेक्षणीय नाही. कुत्रा दिवसाला दर किलोग्रॅम वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असू शकतो. वंध्यीकरण न केलेल्या कुत्रीस माजानंतर काही आठवड्यांनी अशी तहान लागल्यास गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. घरात घाण होते म्हणून पाणी तोडणे मात्र सर्वस्वी अयोग्य होय.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून कुत्र्यास लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यात ताप येतो, डोळे पिवळे पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हा रोग माणसासही जडतो. म्हणून आजारी कुत्र्याचे मूत्र हातमोजे घालूनच पुसावे. यावर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे.

तेव्हा पशुवैद्याकडे केव्हा जावे? कुंथूनही मूत्र होत नसेल, पोट ताठ लागत असेल किंवा ओकाऱ्या होत असतील, तर तत्काळ, रात्र असली तरीही. मूत्रात रक्त असेल, वा ते वारंवार व थोडेथोडे होत असेल, तर एका दिवसाच्या आत. केवळ तहान व मूत्र वाढले असेल, तर दोन-चार दिवसांत. परंतु सोबत सुस्ती, ओकारी किंवा ताप असल्यास त्याच दिवशी. शक्य असल्यास सकाळचे मूत्र स्वच्छ बाटलीत घेऊन जावे. माणसांची वेदनाशामक औषधे घरच्या घरी देऊ नयेत; आयबुप्रोफेनसारख्या औषधाने कुत्र्याच्या मूत्रपिंडांस इजा होते.

कुत्रा रोज किती वेळा व कसे मूत्र विसर्जित करतो, एवढे लक्षात असले तरी बिघाड वेळीच कळतो. फिरावयास नेताना तिकडे क्षणभर पाहण्याची सवय त्याचे प्राण वाचवू शकते.