पहिला वर्ग तोडायचा, दुसरा मोजायचा
जंगलाचा हिशेब : भाग 6

कुणी न लावलेल्या, आपोआप वाढलेल्या जंगलातून दरवर्षी किती लाकूड काढायचं? लागवडीत हा प्रश्न सोपा असतो, कारण सगळी झाडं एका वयाची. आलापल्लीच्या सागवनात मात्र आजोबा आणि पणतू खांद्याला खांदा लावून उभे असतात.

याचं एक पद्धतशीर उत्तर मिळालं ब्रह्मदेशात. पेगू प्रांत इंग्रजांनी 1852 मध्ये घेतला आणि 1856 साली तिथल्या जंगलांवर डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेमला. सगळं जंगल मोजणं अशक्यच होतं. मग तो वाटा, डोंगरधारा, ओढ्यांचे काठ धरून निघायचा. हातात बांबूच्या चार कामट्या, घेराच्या एकेका वर्गाची एकेक. दुतर्फा दिसणाऱ्या प्रत्येक सागाचा घेर नजरेनं जोखायचा आणि त्या वर्गाच्या कामटीवर चाकूनं खाच पाडायची. दमट हवेत कागदाचा लगदा होतो, बांबूचं काही बिघडत नाही. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराचं झाड पहिल्या वर्गातलं.

ब्रँडिसची खरी हुशारी पुढे आहे. तोडायचा पहिला वर्ग, पण किती तोडायचा हे ठरवायचं दुसऱ्या वर्गाकडे बघून. दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्यात जायला त्यानं 24 वर्षं धरली. समजा, पहिल्या वर्गात 2,400 झाडं आहेत. वर्षाला 100 तोडायला हरकत नाही, असं वाटतं. पण दुसऱ्या वर्गात 1,600च असतील आणि त्यातली चौथाई वाटेतच मरणार असेल, तर 24 वर्षांत भर पडणार 1,200 झाडांची, म्हणजे वर्षाला 50. त्याहून जास्त तोडलं की मुद्दलाला हात लागला.

आपल्याकडे आज किती तोडायचं हे कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या लेखी नियोजनात, ठरतं. गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर केंद्रानं मंजूर केलेल्या आयोजनेशिवाय राज्याच्या जंगलात तोड करता येत नाही. कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, आखतात, जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर मोजतात आणि तोडायच्या झाडावर हातोड्याचे दोन ठसे मारतात, एक छातीच्या उंचीवर, दुसरा बुंध्याशी. वरचा ठसा लाकडाबरोबर जातो, खालचा थुटावर राहतो. ठसा नसलेलं थूट सापडलं की चोरी उघडी पडते. इतकी साधी, पक्की तपासणी सरकारी कामात क्वचितच दिसते!

या हिशेबातला कच्चा दुवा मात्र सगळ्यात लहान वर्गात आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग पसरली की सागाची रोपं जळतात. मूळ जिवंत राहतं, पावसात पुन्हा फुटतं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतं. वरून वीतभर दिसणाऱ्या रोपाचं मूळ उकरून पाहा, अंगठ्याएवढं जाड निघतं. ही रोपं गणनेत भरपूर दिसतात, वरच्या वर्गात मात्र पोचत नाहीत. म्हणून माझ्या मते आयोजनेतलं पहिलं पान तोडीचं नसावं, जाळरेषांचं, म्हणजे आग अडवायला साफ ठेवलेल्या पट्ट्यांचं, असावं. उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ झाल्या नाहीत, तर त्या कुपातली तोड त्या वर्षी थांबवावी.

पुढच्या आठवड्यात : लाकडाच्या आगारातली प्रतवारी आणि लिलाव.