ओल्या वाळूत चर खणताना

साताऱ्याकडच्या घट्ट मुरमात दोन मीटर चर खणला, तर त्याच्या भिंती बहुतेक वेळा उभ्या राहतात. (मुरूमही दगा देतो, पण क्वचित.) तोच हिशेब चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत लावला, तर माणसं गाडली जातील. मरीना किनाऱ्याला लागून असलेल्या या जुन्या वस्तीखाली वाळू आहे, मधूनमधून चिकणमातीचे थर आहेत आणि पाणी फार खोल नाही.

वाळूचा खरा धोका असा, की ती आधी विश्वास देते. मरीनावर पोरं ओल्या वाळूचे किल्ले करतात, तेही उभ्या भिंतींचे. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं, म्हणून ते टिकतात. चराची भिंतही सकाळी अशीच ताठ दिसते. दुपारच्या उन्हात ती वाळली, किंवा खालून पाणी वाढलं, की ती पकड सुटते. भिंत आधी इशारा देईलच असं नाही. एक घनमीटर वाळू दीड टनाहून जड असते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं डोकं बाहेर असलं, तरी त्याला श्वास घेता येत नाही.

म्हणून 1.5 मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायचा किंवा बाजू उतरत्या कापायच्या, हा आपल्याकडचा सर्वमान्य नियम. वाळूत उतार सुरक्षित ठेवायचा तर एक मीटर खोलीला बाजूला दीड मीटर जागा लागते. त्यात चर सांडपाण्याच्या वाहिनीसाठी असेल, तर ती उतारानेच वाहते, त्यामुळे पुढे पुढे खोल जाते. समजा ती तीन मीटरवर आहे आणि तळ एक मीटर रुंद हवा. मग वरचं तोंड दहा मीटर होतं. तिरुवल्लिकेणीतल्या पार्थसारथी मंदिरामागच्या गल्ल्यांत एवढी जागा कुठून आणणार? तिथे उताराचा विचार सोडून आधाराचाच करावा लागतो.

आधार म्हणजे दोन्ही भिंतींना लोखंडी पत्रे किंवा फळ्या, त्यांना लांबीच्या दिशेने वासे आणि समोरासमोरच्या वाशांमध्ये आडवे टेकू. कोरड्या वाळूत आधी खणून मग फळ्या लावू म्हटलं, तर फळी लागेपर्यंत भिंत खाली आलेली असते. म्हणून पत्रे आधी ठोकायचे आणि मग मधली माती काढायची. टेकू वरून खाली बसवत जायचं.

पाण्याची व्यवस्था त्याहून नाजूक. तळात खड्डा करून नुसता पंप लावला, की पाण्याबरोबर बारीक वाळूही उपसली जाते. ती शेजारच्या घराखालूनच येते. चुन्यात बांधलेली, उथळ पायाची जुनी घरं मग तडकतात. त्याऐवजी चराच्या कडेने जाळीच्या टोकाच्या बारीक नळ्या वाळूत उतरवून, त्या एका पंपाला जोडून पाण्याची पातळी हळूहळू खाली आणतात. वर काढलेलं पाणी चराजवळ सोडलं, तर ते परत आतच येणार.

खणण्याआधी हाताने चाचणी खड्डे घ्यावेत. शहरातल्या बऱ्याच वीजवाहिन्या जमिनीखाली आहेत आणि त्यांच्या शेजारून जुने बिडाचे नळ जातात. नकाशावर विसंबून जेसीबी चालवणाऱ्याला धाडसी म्हणू नये. जुन्या गटाराजवळ उतरण्यापूर्वी वायू तपासायचा.

काढलेली माती काठापासून 1.5 मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर हवी. गल्लीत ते जमत नाही, तेव्हा ती टिपरने लगेच हलवायची. पाण्याचा टँकर काठाशी येऊ द्यायचा नाही. दर 30 मीटरला एक शिडी हवी, काठाच्या वर सुमारे 90 सेंटीमीटर येणारी.

काम जानेवारी ते सप्टेंबरमध्ये उरकणं शहाणपणाचं, कारण ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून सुरू होतो. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात याच शहरात वेलच्चेरीला बांधकामाचा खोल खड्डा ढासळला आणि दोघांचा जीव गेला.

चर बुजवतानाही आधार एकदम काढू नयेत. खालचा टेकू, मग थोडी भर, मग त्याच्या वरचा टेकू, या क्रमाने यायचं आणि प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा. चैत्रात पार्थसारथीचा रथ मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून ओढला जातो. भर पोकळ राहिली असेल, तर चाक तिथेच रुतेल.