सिस्टर, पगाराची अपेक्षा किती?

तुळजापूर, कळंब किंवा उमरग्याच्या छोट्या नर्सिंग होममध्ये हा प्रश्न बहुधा डॉक्टरसाहेब स्वतःच विचारतात. नुकतीच जीएनएम झालेली मुलगी संकोचून म्हणते, "तुम्ही द्याल ते, सर." एवढ्या एका वाक्यात वर्षभराचं नुकसान होतं.

आकडा सांगायला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबाबत शिफारशी केल्या. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला २०,००० रुपयांहून कमी नको. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढा पगार हवा. तालुक्याच्या गावातली छोटी नर्सिंग होम पहिल्या गटात येतात. ही शिफारस आहे, डॉक्टरांवर थेट बंधनकारक कायदा नाही. तरीही तिच्या आधारे नम्रपणे आकडा सांगावा: "सर, माझी नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे, प्रसूती कक्षाचा अनुभव आहे, म्हणून वीस हजारांची अपेक्षा आहे."

आकड्याआधी काम मात्र नीट विचारून घ्यावं. ड्युटी आठ तासांची की बारा? महिन्यात नाईट किती? दुसरी सिस्टर आली नाही तर डबल ड्युटीचे पैसे वेगळे मिळतात का? बारा तासांचे पंधरा हजार आणि आठ तासांचे बारा हजार यांत तासाला दुसराच पगार जास्त पडतो, हे घाईत लक्षात येत नाही.

ठरलेलं सगळं नेमणूकपत्रावर लिहून घ्यावं. मूळ प्रमाणपत्रं दाखवावीत, पण ठेवायला झेरॉक्सच द्यावी.