फावला वेळ : विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, संध्याकाळची परतीची गर्दी. घरी पोहोचल्यावर अंग टाकण्यापलीकडे काही सुचत नाही. अशा माणसाला "तुमचा छंद कोणता?" असे विचारले तर तो हसतो आणि म्हणतो, "छंद कसला घेऊन बसलात, वेळच कुठे आहे?" हे उत्तर खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. आठवड्याचा रविवार असतो, सणासुदीच्या सुट्ट्या असतात, बसायला जागा मिळालेला प्रवास असतो आणि सेवानिवृत्तीनंतरची वर्षे तर असतातच. या वेळेचे आपण काय करतो, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सहलीला जाणे, एखादे स्थळ मोकळेपणाने पाहणे हे आपल्या समाजाला सहज मिळालेले नाही. १९३४ साली काही कार्यकर्त्यांनी सहलीस जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनी सोबत यावे असा आग्रह धरला. वेरूळची लेणी पाहावयाची असे ठरले. सुमारे तीस जणांचा तो जथा वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबला. रमजानचा महिना होता. प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी दारातील हौदावर हात-तोंड धुतले, तोच "हौद बाटवला" असा ओरडा झाला आणि जमाव जमला. अखेर पाण्याला शिवणार नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखविण्यात आला. परदेशातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरची ही सहल! बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आज आपण तिकीट काढून कोणतेही लेणे पाहू शकतो. या मोकळेपणाची किंमत आधीच्या पिढीने मोजलेली आहे, म्हणून तो वाया घालवू नये.

सोपाऱ्याचा दगड काय सांगतो?

फिरणे दोन प्रकारचे असते, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने दगडावर कोरून ठेवले. त्याचा आठवा शिलालेख नेमका याच विषयावर आहे. पूर्वीचे राजे 'विहारयात्रे'स निघत. तीत शिकार आणि तशाच करमणुकी असत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून 'धम्मयात्रा' सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट घेऊन दान देणे, वृद्धांना भेटून त्यांना धनाचे साहाय्य करणे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे आणि त्यांना विचारणे या गोष्टी होत्या. या यात्रेत आपल्याला अधिक आनंद मिळतो, असेही तो सांगतो.

विशेष म्हणजे या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या शेजारीच, सोपारा येथे सापडला. (सोपारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.) लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या लेखांवरून कळतो. सोपाऱ्याचा शिलाखंड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो.

सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खोदून काढला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. करंडकात एकात एक अशा चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सोन्याच्या डब्या निघाल्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत होते मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे असावेत अशी श्रद्धा आहे. सोन्याच्या डबीत मातीचे तुकडे जपणारी ही संस्कृती आपली आहे, हे मुलांना तेथे नेऊन सांगितले पाहिजे. डोंबिवली-कल्याणकरांनी दादरला गाडी बदलली की नालासोपारा गाठता येते. स्तूप स्टेशनच्या पश्चिमेस आहे.

छंदातून झालेले संशोधन

हे लेख वाचले कोणी? अशोकाची ब्राह्मी लिपी लोक पार विसरले होते. ती १८३७ साली उलगडली जेम्स प्रिन्सेप यांनी. ते कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी होते आणि लिपीचा अभ्यास कामाबाहेरच्या वेळातला होता. सांचीच्या कठड्यावरील बऱ्याच लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्यांच्या लक्षात आले. हा शब्द 'दानं' असावा असा त्यांनी तर्क केला आणि त्यावरून पुढची वाट सापडली. भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. प्रिन्सेपच्या अक्षरांचा तक्ता हाती आल्यावर त्यांनी तरुणपणीच गिरनारचा लेख वाचण्याचा ध्यास घेतला. पुढे मुंबईत ज्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासोबत त्यांनी काम केले, तेही पेशाने वैद्यक व्यवसायातले. भगवानलाल यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. सांगायचे तात्पर्य, फावला वेळ नेटाने वापरला तर तो केवळ वेळ घालवणे राहत नाही.

आपणही ही लिपी शिकू शकतो. अशोककालीन ब्राह्मीत 'क' म्हणजे अधिकाचे चिन्ह, 'ग' म्हणजे घराचे छप्पर, 'ठ' म्हणजे वर्तुळ, 'थ' म्हणजे वर्तुळात टिंब, 'ब' म्हणजे चौकोन आणि 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. व्यंजने तेहतीसच्या आसपास आहेत. आठवड्याला पाच अक्षरे घेतली तर दोन महिन्यांच्या आत संपतात. खिशातील लहान वहीत ती लिहावीत आणि लोकलमध्ये गिरवावीत.

कान्हेरीत आपले कल्याण

मग कान्हेरीस जावे. बोरिवली पूर्वेस राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत. (सोमवारी उद्यान बंद असते.) तेथील अक्षरांचे वळण अशोकाच्या काळानंतरचे, थोडे बदललेले आहे. तरी 'देयधम', म्हणजे धम्मदान, हा शब्द ओळखता आला की लेख बोलू लागतो. कान्हेरीच्या दात्यांमध्ये कल्याणचे लोक ठळकपणे दिसतात. त्यांत व्यापारी आहेत आणि कारागीरही आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तेथे पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा लेख आहे. ज्या कल्याण स्टेशनवर आपण रोज धक्के खातो, त्या गावाचा रहिवासी त्या काळी डोंगर ओलांडून भिक्खूंच्या पाण्याची सोय करीत होता! हे वाचल्यावर कल्याणकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. एवढे लांब जाणे जमत नसेल तर भिवंडी तालुक्यातील लोनाडचे लेणे आहे. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येते.

शिकण्याला वय नाही

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कष्टकऱ्याचा फावला वेळ कोणता, हे ओळखून केलेली ती सोय होती. स्वतः त्यांनी उतारवयात व्हायोलिन हाती घेतले. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश १९९८ साली शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. आपल्या भागात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे असेल तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

काही सूचना

१) वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात दर रविवारी एक तास ब्राह्मी व पालीचा वर्ग घ्यावा आणि पावसाळा संपला की लेण्यांस जावे.

२) निघण्यापूर्वी त्या स्थळाची माहिती एका विद्यार्थ्याने वाचून सर्वांना सांगावी. परतल्यावर प्रत्येकाने एक पान लिहावे.

३) शिलालेखांवर खडू फिरवू नये, पाणी ओतू नये. अक्षरे झिजतात. कागदावर पाहून काढावीत.

४) अशोकाप्रमाणे विचारपूस करावी. लेण्याच्या पायथ्याच्या गावातील म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोलावेत.

५) सहलीच्या दिवशी पहाटे उठून पुऱ्या तळणारी आणि तेथे गेल्यावर वाढत बसणारी आई लेणे कधी पाहणार? घरातील काम वाटून घेतल्याशिवाय तिला फावला वेळ मिळणार नाही. डबा सर्वांनी मिळून करावा, नाहीतर ती धम्मयात्रा केवळ पुरुषांची ठरेल.

करमणूक वाईट नाही. गाणी, क्रिकेट, दूरदर्शन, मोबाइल यांनाही जागा आहे. पण ज्यांच्या वाडवडिलांना हौदाचे पाणी नाकारले गेले, त्यांच्या नातवंडांनी कान्हेरीच्या पोढीपाशी उभे राहून तिच्यावरील लेख स्वतः वाचावा, यासारखी दुसरी करमणूक कोणती? येत्या रविवारी एक वही घ्या आणि 'क' पासून सुरुवात करा.

जयभीम.