दात काढला, तरी कळ थांबेना

दात घासताना, घास चावताना किंवा गार वारा लागताच गालातून विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते, काही सेकंदांत थांबते आणि पुन्हा येते. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची एकच बाजू आपोआप आक्रसत राहते, तो हेमिफेशियल स्पॅझम. दोन्हींवर चांगले उपचार आहेत, पण गैरसमजांपायी माणसे वर्षानुवर्षे सोसत राहतात.

गैरसमज : दातच किडला असणार.
वस्तुस्थिती : मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या फांद्या दात-हिरड्यांपर्यंत पोचतात. त्यामुळे दुखते नस आणि वाटतो दात. एक्स-रेत दात निरोगी दिसत असेल, तर तो काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

गैरसमज : मला फिट येत नाही, मग फिटची गोळी कशाला?
वस्तुस्थिती : साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ही कळ सहसा हटत नाही. कार्बामाझेपिन हे फिटचे औषध बिथरलेल्या नसेला शांत करते. त्याने झोप येते, चक्कर येते, रक्तातले सोडियम उतरू शकते. म्हणून मधूनमधून रक्ततपासणी हवी. अंगावर पुरळ उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गैरसमज : डोळा लवतोय; शकुन असेल, नाहीतर जागरण.
वस्तुस्थिती : जागरणाने फडफडणारी पापणी बहुधा काही दिवसांत थांबते. स्पॅझम पापणीपासून गालावर, मग ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो आणि झोपेतही चालू राहू शकतो. सातव्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब हे त्याचे नेहमीचे कारण. हा लकवा नव्हे.

गैरसमज : बोटॉक्स म्हणजे सुरकुत्यांचे इंजेक्शन.
वस्तुस्थिती : अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. स्पॅझममध्ये एका वेळच्या इंजेक्शनांचा गुण साधारण तीन महिने टिकतो.

गैरसमज : ऑपरेशनमध्ये नस कापतात, चेहरा वाकडा होतो.
वस्तुस्थिती : न्यूरोसर्जन डॉ. पीटर जॅनेटा यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत नस कापत नाहीत. कानामागून वाट काढून दाबणारी रक्तवाहिनी बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. बहुतेकांना दीर्घकाळ आराम पडतो. ऐकू कमी येणे, चेहऱ्याच्या स्नायूंत अशक्तपणा येणे असे धोके असतात, पण ते थोड्यांच्याच वाट्याला येतात. मोठे ऑपरेशन झेपणार नसेल, तर न्यूराल्जियासाठी रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा गॅमा नाइफचा पर्याय आहे. त्यात गाल थोडा बधिर होऊ शकतो.

कळ केव्हा, कशाने येते आणि किती वेळ टिकते, ते वहीत टिपा. चेहरा आक्रसताना घरच्यांकडून मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. दोन्ही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. निदानाला त्याची मोठी मदत होते.