वहीच्या पोटात वही : सही करण्यापूर्वी पाहा

प्रोग्रॅममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे ‘गिट’ हे सॉफ्टवेअर लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी तयार केले. दुकानांचे बिलिंग प्रोग्रॅम लिहिणारी आपली मुलेही आज तेच वापरतात, म्हणून त्यातील एक खाच आम्ही व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

गिटमध्ये एका वहीच्या पोटात दुसरी वही ठेवता येते. तिला सबमॉड्यूल म्हणतात. मोठ्या वहीत धाकटीचा माल उतरत नाही, तिच्या एका नोंदीचा क्रमांक तेवढा उतरतो. बहुधा 40 अक्षरांचा. पावती इथे, माल दुसऱ्याच्या गोदामात! तपासणाऱ्याला एकच ओळ बदललेली दिसते आणि तो ‘ठीक’ म्हणून मोकळा होतो. त्या ओळीमागे शंभर बदल असू शकतात. धाकटी वही उघडून जुन्या व नव्या क्रमांकांमधील फरक पाहिल्याशिवाय सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मे 2018 मध्ये तर नावातच दगा निघाला. पोटवहीच्या नावात दोन टिंबे व तिरकी रेघ घालून ती भलत्याच जागी पोचविता येई आणि पोटवह्यांसकट नक्कल उतरविताना परक्याचा हुकूम आपल्या यंत्रावर चाले. 2.17.1 या आवृत्तीने ती वाट बुजविली. सोबत अशी वाईट नावे मुद्दाम देऊन पाहणारी चाचणीही लिहिली गेली. खोटे नाणे टाकून गल्ल्याची परीक्षा घ्यावी, तशी.

प्रोग्रॅम करून देणाऱ्याला एवढे जरूर विचारा : चाचण्या कोऱ्या यंत्रावर, पोटवह्यांसकट ताजी नक्कल उतरवून चालविता ना? कारण धाकटीतील नोंद सर्व्हरवर चढवायची राहिली, तर त्याच्या यंत्रावर सारे सुरळीत चालते आणि इतरांना तो क्रमांक सापडतच नाही.